ती गिटार कोण वाजवतंय?

‘अमर प्रेम’ हा सिनेमा १९७२चा. माझ्या वयाच्या बायकांनी तो थिएटरात नाही, तर दूरदर्शनवर, शेजारपाजारच्या गर्दीत दाटीवाटीनं बसून पाहिलेला. त्यातलं होडीतलं गाणं आठवतंय ना? रात्रीची वेळ, संथ पाणी, राजेश खन्ना आणि शर्मिला टागोर. हे गाणं रेडिओवर लागलं की भाजी निवडता निवडता आपण सांगून टाकतो, आवाज किशोरकुमारचा, संगीत आर. डी. बर्मनचं, शब्द आनंद बक्षींचे. पण किशोरकुमारनं तोंड उघडण्याआधी ज्या तारा छेडल्या जातात आणि आपला भाजीवरचा हात थांबतो, ती गिटार कोण वाजवतंय?

भानू गुप्ता. ‘शोले’मध्ये (१९७५) जया भादुरी वरच्या मजल्यावर एकेक दिवा मालवत जाते आणि खाली बसलेला अमिताभ माऊथ ऑर्गन वाजवतो, तो माऊथ ऑर्गनसुद्धा यांचाच. २०१८ साली ते गेले. त्यांची वाजवलेली गाणी आपल्याला तोंडपाठ, पण समोर येऊन उभे राहिले असते तर मी तरी ओळखलं नसतं.

अशा लोकांना इंग्रजीत ‘सेशन म्युझिशियन’ म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर रोजंदारीवरचे वादक. गाणं त्यांचं नसतं, सिनेमा त्यांचा नसतो. बोलावणं आलं की वाद्य घेऊन स्टुडिओत जायचं, समोर येईल ते वाजवायचं, शिफ्ट संपली की पैसे घेऊन घरी. हे सगळं मला माहीत व्हायला कारण झाली माझी भाची.

माझी धाकटी बहीण पोलादपूरला दिलेली. हायवेला त्यांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. भाची कॉलेजसाठी माझ्याकडे महाडला असते, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. २०२१च्या २२ जुलैला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा आमचाही तळमजला बुडाला. पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना माझ्या मुलाची जुनी गिटार सापडली. शिकायला पुण्याला होता तेव्हा हौसेनं घेतलेली आणि मग विसरलेली. मी ती फेकायच्या ढिगावर ठेवली होती. ही तेव्हा दहावीत. मदतीला आली होती. तिनं ती उचलली, टूथब्रशनं गाळ काढला, सावलीत वाळवली, सुटलेली पाठ सुताराकडून चिकटवून घेतली. पाण्यानं मान वाकली होती, त्यामुळे तारा लाकडापासून बोटभर वर. त्या दाबून दाबून तिच्या बोटांना फोड आले. शिकली ती फोनवर बघून. आज तिच्याकडे दुसरी, बरी गिटार आहे, पण बोटांत जो जोर आहे तो त्या बुडालेल्या गिटारचा, असं ती म्हणते.

तर या मुलीनं मागच्या दिवाळीत जाहीर केलं, की मला बँकेच्या परीक्षा द्यायच्या नाहीत, मला सेशन गिटारिस्ट व्हायचंय. तेही कुठलं संगीत आवडतं, तर अमेरिकेतलं ‘कंट्री म्युझिक’! रात्री बहिणीचा फोन. ‘ताई, गिटार वाजवून पोट भरतं का गं? आणि भरत असलं तरी, मुलीचं?’ मागून तिच्या नवऱ्याचा आवाज, ‘उद्या बेंजोवाल्यांच्या टेम्पोत बसून हळदीला वाजवायला जाणार का, विचार तिला!’

बहिणीचा प्रश्न मला रास्त वाटला. त्याचं उत्तर ‘कलेला मोल नसतं’ वगैरे बोलून देता येत नाही. म्हणून मी या वादकांविषयी मिळेल ते वाचायला लागले, जुन्या मुलाखती ऐकायला लागले. त्यातून हाती आलं ते तुम्हालाही सांगते. घरात अशी मुलगी किंवा मुलगा तुमच्याकडेही असेल.

आपल्याकडे या धंद्याची पेठ म्हणजे मुंबई. १९५० ते १९९० या काळात हिंदी सिनेमाची गाणी ताडदेवचं फिल्म सेंटर, फेमस, वांद्र्याचं मेहबूब अशा स्टुडिओंमध्ये व्हायची. सकाळी वादक जमायचे. मोठं गाणं असलं तर पन्नास-साठ, कधी शंभराच्या घरात. गाणं कुठल्या सिनेमाचं, पडद्यावर कोण, हे कित्येकांना आल्यावर कळायचं, कधी तेही नाही. अॅरेंजरनं, म्हणजे संगीत संयोजकानं, प्रत्येकाचा पीस कागदावर लिहिलेला असायचा. व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटारवाल्यांसाठी पाच रेघांचं पाश्चात्त्य स्वरलेखन, ज्याला स्टाफ नोटेशन म्हणतात. सतार-बासरीवाले आपले सारेगममध्ये उतरवून घ्यायचे. थोडी रिहर्सल आणि मग टेक. तेव्हा गायक आणि वादक सगळे एकदमच रेकॉर्ड होत. चार मिनिटांच्या गाण्यात शेवटच्या कडव्याला एकाचं बोट घसरलं, की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. विचार करा, समोर लताबाई उभ्या आहेत आणि आपल्यामुळे टेक गेला!

पैसे शिफ्टवर. वादकांच्या श्रेणी ठरलेल्या, श्रेणीप्रमाणे दर. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजत राहिलं तरी वादकाला त्यातलं काही नाही. रेकॉर्डच्या कव्हरवर नावही नाही. गायक, संगीतकार, गीतकार, संपलं. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, सादर करणाऱ्या कलाकारालाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी गायकांनी त्यासाठी आपली संस्था उभी केली. पण एखाद्या जुन्या गाण्यात तिसऱ्या रांगेत कोण बसलं होतं, याची यादीच नसेल तर कोणाच्या नावानं काय मागायचं?

हे पाच रेघांचं लिखाण मुंबईला पुरवलं गोव्यानं. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन पोटासाठी मुंबईला आली. (आपल्या हायवेवरून रात्रभर गोव्याच्या बसेस धडधडत जातात, म्हणून मला वाटायचं हे वादकही महाडवरूनच गेले असतील. पण त्या काळी गोवेकर बोटीनं नाहीतर घाटावरच्या रेल्वेनं जायचे.) धोबी तलावला गावागावाच्या ‘कूड’ होत्या, म्हणजे गाववाल्यांनी मिळून चालवलेल्या राहायच्या खोल्या. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या (१९७७) अँथनी गोन्साल्विसचं नाव आपण थट्टेनं घेतो. तो खरा माणूस होता. माजोर्ड्याचा, १९२७चा जन्म, व्हायोलिन वाजवणारा आणि शिकवणारा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. त्यांनी गुरूचं नाव असं सिनेमात घातलं. गोन्साल्विस २०१२ साली गावीच वारले.

गिटारवाल्यांत गोव्याबाहेरचेही पुष्कळ. हजारा सिंग, व्हॅन शिपले, दिलीप नाईक, रमेश अय्यर. भूपिंदर सिंग अमृतसरचे. दिल्ली आकाशवाणीवर गिटार वाजवत होते, तिथून मदन मोहननी मुंबईला ‘हकीकत’साठी (१९६४) बोलावून गायला लावलं. ‘हरे रामा हरे कृष्णा’मध्ये (१९७१) झीनत अमान चिलीम ओढत झुलते त्या गाण्याची गिटार त्यांची. म्हणजे ज्यांना आपण गझलगायक म्हणून ओळखतो, त्यांची दुसऱ्या गाण्यांतली गिटारही आपण नकळत वर्षानुवर्षं ऐकत होतो. २०२२ साली ते गेले.

आणि बायका? इथे मी मुद्दाम शोधलं. फिल्मी वाद्यवृंदात बायका बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातलं ठसठशीत नाव म्हणजे झरीन दारूवाला. मुंबईच्या पारशी घरातल्या, जन्म १९४६चा. वाद्य सरोद, म्हणजे जड, तारा दाबायला कठीण, आणि तोवर पुरुषांचं मानलेलं. लहानपणी हार्मोनियमवर सुरुवात करून त्या सरोदकडे वळल्या. शास्त्रीय मैफली एकीकडे आणि स्टुडिओतल्या शिफ्टा दुसरीकडे, असं दोन्ही त्यांनी अनेक वर्षं चालवलं. सतारवादक अशोक शर्मा यांच्याशी लग्न केलं, तेही स्टुडिओत वाजवणारे. २००७ची संगीत नाटक अकादमी त्यांना मिळाली, २०१४ साली गेल्या. सिनेमाची शिफ्ट वाजवते म्हणून शास्त्रीयवाले नाक मुरडतील, ही भीती तेव्हा मोठमोठ्यांना असायची. झरीनबाईंनी दोन्ही केलं आणि दोन्हीकडे मान राखला. मला हे फार मोठं वाटतं.

बहिणीला मी मराठीतलं उदाहरणही दिलं. प्रभाकर जोग. वडील लवकर गेल्यावर पुण्याच्या वाड्यांमधून सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर व्हायोलिन वाजवणारा हा मुलगा पुढे सुधीर फडक्यांचा सहायक झाला, गीतरामायणाच्या वाद्यवृंदात बसला, हिंदीत वाजवलं, स्वतः संगीतकार झाला. ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणून त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या आणि नाव वाद्याच्या पुढे आलं. २०२१ साली ते गेले. बहीण म्हणाली, ‘ते जोग होते गं, ताई.’ यावर काय बोलणार?

पण मुंबईची ही पेठ ओसरली, हेही तिला सांगावं लागलं. सिंथेसायझर आला, मग कॉम्प्युटर. एकाच माणसानं बोटं फिरवली की पन्नास व्हायोलिनं वाजायला लागली. १९९०नंतर ते शंभर-शंभर माणसांचे वाद्यवृंद उठले. ज्यांनी तीस-तीस वर्षं रोज दोन शिफ्टा केल्या, त्यांचे फोन वाजेनासे झाले. कोणी शिकवण्या धरल्या, कोणी गावी परतलं. गिटार त्यातल्या त्यात टिकली. तारेवर बोट घासल्याचा आवाज यंत्राला अजून नीट जमत नाही म्हणतात.

आता भाचीच्या कंट्री म्युझिककडे येते. नाव परकं, पण अर्थ साधा. अमेरिकेच्या डोंगराळ, शेतकरी भागातलं गाणं. आपल्याकडे गणपतीत जाखडी नाचतात ना, तसं त्यांच्या गावचं. त्यात बँजो नावाचं वाद्य असतं, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी तिकडे रुजवलेलं. आपला बेंजो मात्र निराळा. टाईपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचा तो. त्याचं मूळ जपानी, तैशोगोतो नावाचं वाद्य, १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरो यांनी काढलेलं. हिंदुस्थानात त्याचा बुलबुलतरंग झाला आणि कोकणात आल्यावर त्याला वीज लागली! जपानचं वाद्य, अमेरिकेचं नाव आणि वाजतंय पोलादपूरच्या हळदीत. भाचीच्या बाबांनी ज्या बेंजोवाल्यांना नाक मुरडलं, ती पोरं कानावर गाणं उचलतात, रात्रभर न चुकता वाजवतात आणि सुपारी ठरवताना आगाऊ रक्कम घेतात. सेशनवाल्याला यापेक्षा वेगळं काय येत असतं? मला तो तुच्छतेचा सूर आवडला नाही, आणि मी तसं फोनवर म्हटलंही.

१९२७ म्हटलं की महाडकरांना चवदार तळंच आठवणार, २० मार्च. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत ब्रिस्टल नावाच्या गावात एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं खेड्यापाड्यांतल्या गाणाऱ्यांना बोलावलं. तिथे डोंगरातून एक कुटुंब आलं, कार्टर. गिटार वाजवायला मेबेल. वय अठरा, पोटात सात महिन्यांचं बाळ. दोन दिवसांत सहा गाणी झाली, गाण्यामागे पन्नास डॉलर. मेबेल अंगठ्यानं जाड तारांवर गाण्याची चाल वाजवायची आणि त्याच वेळी बोटांनी बाकीच्या तारांवर ठेका धरायची. एका हातात दोन वादक! तोवर गिटार नुसती मागे ठेक्याला असायची, हिच्यामुळे ती पुढे आली. आजही कंट्री गिटार शिकणाऱ्याला ‘कार्टर स्क्रॅच’ शिकावा लागतो. तीन मुली वाढवल्या, त्यांना घेऊन गावोगाव कार्यक्रम केले. आणि एवढं नाव झाल्यावरही मधल्या पडत्या काळात ती रात्रपाळीला आजाऱ्यांची शुश्रूषा करायला जायची. ती गिटार आता नॅशव्हिलच्या संग्रहालयात आहे.

नॅशव्हिल ही कंट्री गाण्याची मुंबई. तिथल्या स्टुडिओंत १९५०-६०च्या दशकांत व्हेल्मा स्मिथ नावाची बाई पुरुषांच्या घोळक्यात बसून ऱ्हिदम गिटार वाजवायची. तिथल्या वादकांची एक युक्ती मला फार आवडली. ते सूर अक्षरांनी न लिहिता आकड्यांनी लिहितात, एक, चार, पाच. गायकाला पट्टी उंच वाटली तर पट्टी बदलायची, कागद तोच. आपल्याला यात नवल नाही. आपला सा काळी एकचा असो की पांढरी चारचा, सारेगम तेच राहतं. भजनात पेटी धरणाऱ्या कुठल्याही बाईला हे नॅशव्हिलचं गणित पाच मिनिटांत समजेल.

भाचीनं मला जिची ओळख करून दिली ती मात्र लॉस एंजलिसची, कॅरोल के. जन्म १९३५. आई-वडील दोघं वाजवणारे, पण घरात गरिबी आणि भांडणं. वडील वेगळे झाले. ही तेरा वर्षांची असताना दारावर आलेल्या फिरत्या विक्रेत्याकडून आईनं हिला एक स्टील गिटार घेऊन दिली. मांडीवर आडवी ठेवून धातूची कांडी फिरवत वाजवतात ती, मुळात हवाई बेटांवरची. जुन्या हिंदी गाण्यांत लांबवलेला, रडवा सूर येतो, तीच. चौदाव्या वर्षी कॅरोल दुसऱ्यांना शिकवून घरात पैसे आणायला लागली. पुढे दिवसा टायपिस्टची नोकरी, रात्री क्लबात गिटार. १९५७ साली क्लबात कोणीतरी विचारलं, रेकॉर्डिंगला येतेस का? गेली. पैसे बरे मिळाले, मग जातच राहिली. १९६३ साली एक बेस गिटारवाला आलाच नाही, त्याची जागा हिनं घेतली आणि बेसची राणी झाली. ग्लेन कॅम्पबेल हा स्वतः आधी तिच्याबरोबर शिफ्टा करणारा गिटारवाला. तो पुढे गायक म्हणून गाजला. त्याच्या विजेच्या खांबांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या गाण्यात (१९६८) सुरुवातीला बेसचे जे उतरते सूर येतात ते कॅरोलचे. आपण दहा हजारांच्या वर रेकॉर्डिंगं केली असा तिचा हिशेब आहे. मुलांना वाढवायचं होतं म्हणून केली, हेही ती स्वच्छ सांगते. तिथे युनियन होती. तीन तासांचं सेशन, ठरलेला दर, आणि दर बाईला-पुरुषाला एकच. २०२५ साली, नव्वदीत, तिला तिथला मोठा सन्मान जाहीर झाला. स्टुडिओतल्या वादकांचं काम यात दिसत नाही असं म्हणून तिनं सोहळ्याला जायला नकार दिला.

मग पोट भरतं का? बहिणीला मी सांगितलं ते असं. मुंबईतल्या त्या शिफ्टा आता नाहीत. आहेत त्या जाहिराती, मालिका, लग्नातले बँड, गायकांबरोबरचे दौरे, शिकवण्या. घरी बसून वाजवलेली गिटार नेटवरून पाठवता येते, पैसे खात्यात येतात, टेम्पोत बसावं लागत नाही. पण त्यासाठी बंद खोली हवी, माईक हवा, आणि महाडच्या पावसाळ्यात वीज हवी. पहिली चार-पाच वर्षं मिळकतीचा भरवसा नाही. रात्रीचं येणं-जाणं आहे, मुलगी म्हणून दर पाडून बोलणारे असतील. हे मी गोड करून सांगितलं नाही, आणि बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाचीही खट्टू झाली, कारण तिला मी विचारलं, तुला लिहिलेलं वाचता येतं का? नाही येत. ती सगळं कानानं वाजवते. कान सुरेख आहे तिचा, पण समोर कागद आला आणि पाच मिनिटांत टेक आहे, तर? नाव होईल का, नशीब उघडेल का, असल्या गोष्टी मला विचारायच्या नव्हत्या. वेळेवर पोचतेस का, वाचतेस का, दुसऱ्याचं गाणं आपलं समजून वाजवतेस का, एवढंच विचारायचं होतं.

दोन दिवसांनी बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, ‘त्या कॅरोलच्या आईनं दारावरची ती गिटार केवढ्याला घेतली होती गं?’ तेवढं काही मला माहीत नव्हतं.

सध्या असं चाललंय. बी.कॉम. पूर्ण करायचं, हे तिनं आपणहून कबूल केलंय. स्टाफ नोटेशनचं पुस्तक आणलंय. सुरुवातीला त्या पाच रेघांवरचे ठिपके बघून ती वैतागायची, आता रात्री जेवणं झाली की माझ्या ओट्याशेजारी उभी राहून बोटानं हवेत वाजवत वाचते. एका ग्रेड परीक्षेचा फॉर्म भरलाय, केंद्र मुंबईचं आलंय. बरोबर कोण जाणार हा प्रश्न होता. तिचे बाबा जाणार आहेत. हॉटेल त्या दिवशी बंद.